फॅटी लिव्हर आणि घाण्याचं तेल: जवस, तीळ, करडई की राईस ब्रान?

पूर्वा_मानेवाडा (प्रश्न)

मिस्टरांच्या सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर आलं आहे. वय ४६, उंची १७० सेंमी, वजन ८४ किलो. एसजीपीटी ६८, एसजीओटी ४४ (दोन्ही लिव्हरच्या तपासण्या), प्लेटलेट २.३ लाख, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. दारू नाही, हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह. डॉक्टरांनी वजन उतरवा आणि तेलकट कमी करा असं सांगितलं, गोळी दिलेली नाही.

घरात पाच मोठी माणसं. महिन्याला ५ लिटर सोयाबीन रिफाइंड, १ किलो तूप आणि खारी-शंकरपाळ्यांसाठी अर्धा किलो डालडा लागतो. आठवड्यातून दोनदा बाहेरचे तर्री पोहे नाहीतर समोसा, आणि रविवारी सावजी मटण.

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: उंदरांना चरबीचं खाणं देऊन सोबत जवसाचं तेल दिलं तर त्यांचं लिव्हर खराब झालं नाही, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी एक औंस घाण्याचं जवस तेल प्यावं. माझे तीन प्रश्न आहेत.

१. हे करावं का?
२. रोजच्या स्वयंपाकाला कोणतं तेल घ्यावं?
३. रविवारी सावजी खाल्लं आणि सोमवारी सकाळी जवसाचं तेल घेतलं, तर लिव्हरची भरपाई होते का?

प्रयोगवही

पूर्वाताई, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की पहिला आपोआप सुटतो. भरपाई होत नाही. कालच्या जेवणातलं तेल लिव्हरमध्ये जाऊन बसलं आणि आज दुसऱ्या तेलाने ते धुऊन काढलं, असं शरीरात घडत नाही. २००५ साली अमेरिकेत फॅटी लिव्हरच्या ९ रुग्णांना खूण केलेले रेणू देऊन त्यांच्या लिव्हरमधल्या चरबीचा उगम मोजला होता. त्यातली सुमारे ५९ टक्के चरबी पोटाच्या घेरातून आणि अंगावरच्या साठ्यातून रक्तात उतरलेली होती. सुमारे २६ टक्के लिव्हरने स्वतः साखर-स्टार्चपासून तयार केली होती आणि थेट जेवणातल्या चरबीचा वाटा सुमारे १५ टक्के होता. रुग्ण थोडे होते, पण कल कुठे आहे ते यातून कळतं. मुख्य पुरवठा पोटावरच्या चरबीतून होतो आणि तो रात्रंदिवस सुरू असतो. सोमवारचा औंसभर डोस त्याला अडवू शकत नाही.

आता उंदरांबद्दल. असे प्रयोग खोटे नसतात, पण ते काय विचारतात ते नीट पाहावं लागतं. प्रयोगशाळांमध्ये सर्वाधिक वापरलं जाणारं जास्त चरबीचं खाद्य म्हणजे डी-१२४९२. त्यातल्या ६० टक्के कॅलरी चरबीतून येतात. खाद्याच्या एका खेपेत २४५ ग्रॅम डुकराची चरबी आणि २५ ग्रॅम सोयाबीन तेल पडतं. आपल्या साध्या घरगुती जेवणात चरबीचा वाटा याच्या निम्म्याच्या आसपास असतो. हे खाद्य ८ ते १६ आठवडे दिलं की माऊस (लहान उंदीर) लठ्ठ होतो आणि त्याचं लिव्हर फिकट, तेलकट दिसू लागतं. त्याच काळात दुसऱ्या गटाला नळीने वनस्पती तेल देतात आणि शेवटी एसजीपीटी, लिव्हरमधलं ट्रायग्लिसराइड आणि पेशींचे काप तपासतात.

असा प्रयोग वाचताना मी पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतो: ज्या गटाला ते तेल दिलं नाही, त्याला त्याऐवजी काय दिलं? नुसतं पाणी दिलं असेल तर तुलनाच कच्ची राहते. त्या गटाला तेवढ्याच कॅलरीचं दुसरं तेल द्यायला हवं होतं. दुसरं म्हणजे तेल खाद्याच्या वर दिलं, की खाद्यातली चरबी काढून तिच्या जागी घातलं? बऱ्याच प्रयोगांत चांगला निकाल जागा बदलल्यामुळे येतो. डुकराची चरबी कमी झाली आणि तिथे जवस आला, तर फायदा जवसाचा किती आणि चरबी गेल्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड असतं. तिसरी गोष्ट, तेल खाद्याबरोबर पहिल्या दिवसापासून दिलं होतं का? तसं असेल तर त्या प्रयोगाने आजार होऊ न देणं तपासलं. झालेला आजार बरा करणं हा वेगळा प्रयोग आहे, आणि तुमच्या घरी प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे.

डोसचा हिशेब. माऊसचा किलोमागचा डोस १२.३ ने भागायचा, रॅटचा (मोठ्या उंदराचा) ६.२ ने, म्हणजे माणसाचा अंदाजे समतुल्य डोस मिळतो. माऊसला किलोमागे २ ग्रॅम तेल दिलं असेल तर माणसाला किलोमागे ०.१६ ग्रॅम होतात, ८४ किलोला साधारण १४ ग्रॅम. मेसेजमधला औंस ३० मिली, म्हणजे २७ ग्रॅम, कॅलरी २४५ च्या आसपास. बाकी काहीच कमी न करता तो रोज वर घेतला तर महिन्याला ७,३०० कॅलरी वाढतात. अंगावर एक किलोभर चरबी चढायला जवळजवळ तेवढ्याच लागतात. वजन उतरवायचं असताना हा औंस उलट दिशेला नेतो.

माणसांवर झालेले चार प्रयोग तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळ आहेत.

२०१४ साली स्वीडनमध्ये ३९ तरुण, सडपातळ माणसांना ७ आठवडे रोजच्या जेवणावर जास्तीचे मफिन खाऊ घातले. एका गटाचे मफिन पाम तेलाचे, दुसऱ्याचे सूर्यफुलाचे. दोन्ही गटांचं वजन सारखंच, ३ टक्क्यांच्या आसपास वाढलं. पण लिव्हरमधली आणि पोटातली चरबी पाम तेलाच्या गटात कितीतरी जास्त वाढली. त्याआधी, २०१२ साली, पोट सुटलेल्या ६७ जणांवर १० आठवडे लोणी विरुद्ध सूर्यफूल असा प्रयोग झाला. तिथेही सूर्यफुलाच्या गटाच्या लिव्हरमध्ये चरबी कमी राहिली.

२०१८ साली फिनलंडमध्ये ३८ जाड माणसांना ३ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्तीच्या दिल्या. त्या लोणी, खोबरेल, चीज अशा संतृप्त चरबीतून आल्या तेव्हा लिव्हरमधली चरबी ५५ टक्क्यांनी वाढली, साखरेतून आल्या तेव्हा ३३ टक्क्यांनी आणि असंतृप्त तेल-सुकामेव्यातून आल्या तेव्हा १५ टक्क्यांनी. म्हणजे चांगलं तेलही जास्तीचं झालं की वाढवतंच, फक्त कमी वाढवतं. साखरेचा आकडा इथे विसरू नका.

चौथा आपल्याच देशातला, २०१४ साली दिल्लीत झालेला. फॅटी लिव्हर असलेल्या ९३ पुरुषांना ६ महिने स्वयंपाकासाठी ऑलिव्ह, कॅनोला किंवा नेहमीचं सोयाबीन-करडई तेल दिलं, आणि तिन्ही गटांना दिवसाला २० ग्रॅमची मर्यादा घातली. ऑलिव्ह आणि कॅनोला गटांत लिव्हरची ग्रेड जास्त सुधारली. मला यात महत्त्वाची वाटते ती २० ग्रॅमची मर्यादा. तुमच्या घरचा आकडा सध्या कुठे आहे, तो हिशेब इथल्या आहारतज्ज्ञांनी करून द्यावा.

तेलतंत्र

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. आधी तेलांच्या पोटात काय असतं ते पाहू, कारण 'घाण्याचं' या शब्दावरून तेल संतृप्त की असंतृप्त ते कळत नाही.

पाम तेलात ४४ टक्क्यांच्या आसपास पामिटिक आम्ल, म्हणजे एक संतृप्त चरबी असते. लिव्हरच्या पेशीत साठून सेरामाइडसारखे त्रासदायक पदार्थ वाढवणारी जी चरबी म्हणतात, तिच्यात ही पुढे आहे. बाहेरचं बरंच फरसाण, खारी आणि बिस्किटं याच तेलात असतात, त्यामुळे घरी पाम तेलाचा डबा नसला तरी पोटात ते जातच असतं. खोबरेलात ९० टक्क्यांच्या आसपास संतृप्त. सरकीच्या तेलात पाव हिस्सा पामिटिक आणि निम्मं लिनोलिक (पॉली, म्हणजे बहु-असंतृप्त चरबी). ते रिफाइंडच वापरायचं, कारण कच्च्या सरकीच्या तेलात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं आणि ते क्षाराने धुतल्यावरच जातं. गावाकडून कोणी कच्चं सरकी तेल पाठवलं तर खाण्यात घेऊ नका.

शेंगदाणा तेलात ओलिक (मोनो, म्हणजे एक-असंतृप्त चरबी) ४५ ते ५० टक्के आणि लिनोलिक ३० च्या आसपास. तिळाच्या तेलात दोन्ही साधारण चाळीस-चाळीस टक्के, वर सेसमिन आणि सेसमोलिन. तीळ भाजले किंवा तेल तापलं की सेसमोलिनपासून सेसमोल तयार होतं आणि ते तेलाला खवट होण्यापासून वाचवतं. म्हणून तिळाचं तेल त्याच्यातल्या लिनोलिकच्या मानाने चांगलं टिकतं. राईस ब्रानमध्ये ओलिक ४० च्या आसपास, लिनोलिक ३३ च्या आसपास आणि ओरायझॅनॉल हा कोंड्यातला अँटिऑक्सिडंट. हे ओरायझॅनॉल क्षाराने केलेल्या रिफायनिंगमध्ये बहुतेक साबणासोबत निघून जातं, वाफेच्या फिजिकल रिफायनिंगमध्ये बरंच टिकतं. म्हणून पिशवीवर ओरायझॅनॉलचा आकडा छापलेला आहे का ते बघा आणि आकडा नसेल तर त्या नावाचे जास्तीचे पैसे देऊ नका.

करडईत लोक हमखास फसतात. जुन्या जातींच्या तेलात लिनोलिक ७५ टक्क्यांपर्यंत असतं, नव्या जास्त-ओलिक जातींत ते प्रमाण उलटं होतं. पुढच्या बाजूला दोन्हींवर फक्त 'करडई' लिहिलेलं असतं. मागच्या तक्त्यात मोनोचा आकडा पॉलीपेक्षा मोठा असेल तर ते जास्त-ओलिक तेल आणि तळायलाही चालेल. पॉली मोठा असेल तर फोडणीपुरतंच ठेवा.

आता जवस. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक म्हणजे वनस्पतीतलं ओमेगा-३ असतं. तेच त्याचं बळ आणि तीच त्याची अडचण. ओलिक ज्या वेगाने हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जातं, त्याच्या ढोबळमानाने दहापट वेगाने लिनोलिक आणि वीसपट वेगाने लिनोलेनिक. याच गुणामुळे हे तेल रंगात आणि वॉर्निशमध्ये वापरतात: ते वाळून पापुद्रा धरतं. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून सांडलेलं तेल पुसलेलं फडकं लगेच पाण्यात टाका. हार्डवेअरच्या दुकानातलं 'बॉइल्ड लिनसीड' कधीही खाण्यात घेऊ नका, त्यात लवकर वाळावं म्हणून कोबाल्ट-मँगनीजचे क्षार घातलेले असतात.

घ्यायचंच असेल तर असं घ्या. घाणेवाल्याला कधी गाळलं ते विचारा, आठ दिवसांच्या आतलंच घ्या. गाळ नीट बसलेला हवा, कारण गाळातला ओलावा आणि कोंडा तेल लवकर बिघडवतो. २०० मिलीच्या गडद बाटल्या, काठोकाठ भरलेल्या आणि फ्रिजमध्ये. उघडल्यावर महिन्याभरात संपवा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ला जातो, त्या दिवसांत ओट्यावर ठेवलेली पारदर्शक बाटली हातची गेलीच समजा. वास घ्या: ताज्या तेलाला दाण्यासारखा, किंचित गवताचा वास येतो. पुट्टी किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला, किंवा जिभेवर मागाहून कडवटपणा राहिला, तर फेका. आमटी-भाजीत मुरवून संपवू नका. खवट तेलातले पेरॉक्साइड आणि अल्डिहाइड शेवटी लिव्हरलाच निस्तरावे लागतात, आणि इथे लिव्हर वाचवण्यासाठीच तेल आणलं होतं.

ते तापवायचं नाही. न गाळलेलं जवस तेल १०७ अंशांच्या आसपास धुरावायला लागतं. फोडणी १५० च्या वर जाते, तळण १७० ते १८० ला चालतं.

इतवारीकर

@तेलतंत्र, तापवायचं नाही म्हणता, पण सावजी मटण परंपरेने जवसाच्याच तेलात होतं. पिढ्यानपिढ्या लोक खात आले आहेत. मग ते चुकीचं काऊन?

शिवाय सोयाबीन तेलाबद्दल कोणी काही बोललंच नाही. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठाच्या २०१५ च्या प्रयोगात सोयाबीन तेलाने माऊस खोबरेलापेक्षा जास्त लठ्ठ झाले आणि लिव्हरमध्येही चरबी दिसली. पूर्वाताईंच्या घरी महिन्याला ५ लिटर सोयाबीन येतंय.

तेलतंत्र

भाऊ, सावजीच्या रश्श्यात मसाला घातल्यावर कांदा-खोबरं-मसाल्यातला ओलावा आणि नंतरचं पाणी यामुळे तापमान बराच वेळ १०० च्या जवळच राहतं. सुरुवातीला तेल धुरावेपर्यंत तापवलं, तिथे नुकसान होतं. शिवाय ते तेल एकदाच तापायचं आणि संपायचं, भजी-समोशांसारखं आठवडाभर तेच तेल पुन्हा पुन्हा तापत नव्हतं. ताजं गाळलेलं जवस असेल, धूर न काढता मंद आचेवर मसाला परतला, तर मी आक्षेप घेणार नाही. माझा आक्षेप प्रमाणाला आहे. एक किलो मटणाला पाव लिटर तेल पडलं आणि सहा जणांनी रस्सा ओरपला, तर एकट्याच्या वाट्याला ३८ ग्रॅम तेल, मटणाची चरबी वेगळी. दिवसभराचा कोटा एका वाटीत संपतो.

विदर्भात जवस घरचाच आहे, जातींच्या नावातलं 'एनएल' म्हणजे नागपूरच. बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) कमी लिनोलेनिक असलेली टीएल-९९ ही जातही काढली आहे. तिचं तेल तापवायला चालावं हाच हेतू. पण मग ओमेगा-३ साठी ती घेण्यात अर्थ नाही. तेल विकणाऱ्याला जात माहीत असेलच असं नाही, तरी विचारून बघा.

प्रयोगवही

सोयाबीनचा प्रयोग मला माहीत आहे आणि तो चांगला होता. पण तिथल्या माऊसचं खाद्य ४० टक्के चरबीचं होतं आणि तुलना जास्त खोबरेल विरुद्ध जास्त सोयाबीन अशी होती. वर सांगितलेल्या माणसांवरच्या प्रयोगांत उलट दिसलं: लिनोलिक असलेल्या तेलाने लिव्हरची चरबी वाढली नाही किंवा कमी वाढली. माऊस आणि माणसं यांचे निकाल जिथे उलट जातात, तिथे मी माणसांच्या बाजूने जातो. तेव्हा रिफाइंड सोयाबीनचा डबा बाहेर फेकायची गरज नाही. त्यात ७ टक्क्यांच्या आसपास ओमेगा-३ सुद्धा असतं. अडचण पाच लिटरची आहे आणि त्याच तेलात दोन-तीनदा तळण्याची.

व्हिटॅमिन ई बद्दलही सांगून ठेवतो, कारण पुढचा मेसेज तोच येईल. २०१० साली २४७ जणांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात मधुमेह नसलेल्या, बायोप्सीने पक्का निदान झालेल्या रुग्णांना ९६ आठवडे रोज ८०० युनिट दिल्यावर लिव्हरची सूज सुधारली. ८०० युनिट म्हणजे नैसर्गिक रूपात ५३६ मिलिग्रॅम. सूर्यफूल तेलात १०० ग्रॅममागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे २० ग्रॅम तेलातून ८ मिलिग्रॅम. तेलातून तो डोस गाठता येत नाही. गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावं: रोज ४०० युनिट दिलेल्या दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगात पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं.

आहारकट्टा_धंतोली

पूर्वाताई, तुमच्या घरचा हिशेब. ५ लिटर तेल म्हणजे ४,६०० ग्रॅम, त्यात १ किलो तूप आणि अर्धा किलो डालडा, एकूण ६,१०० ग्रॅम. पाच माणसं आणि ३० दिवस धरले तर माणशी रोज ४० ग्रॅम. बाहेरचे पोहे, समोसा यात धरलेले नाहीत. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला वरून घातलेलं तेल-तूप २५ ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅम, ही राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यातली मर्यादा. बाकीची चरबी दाणे, दूध, डाळ-धान्यातून येतच असते.

पहिल्या महिन्यात डालडा पूर्ण बंद करा. जानेवारी २०२२ पासून ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के झाली, त्यामुळे पूर्वीसारखं विष त्यात राहिलं नाही, पण घट्टपणा यावा म्हणून त्यात संतृप्त चरबी भरलेली असतेच. शंकरपाळे करायचेच असतील तर तेलाचं मोहन घालून ओव्हनमध्ये भाजा. तूप अर्ध्या किलोवर आणा, वरणभातावर प्रत्येकी अर्धा चहाचा चमचा. तेल साडेतीन लिटर. मग बेरीज ३,७२० ग्रॅम होते, माणशी रोज २५ च्या आत.

साडेतीन लिटर जमत नाही अशी तक्रार बहुतेक घरांतून येते, आणि कारण पळी असतं. पळीने तेल मोजलं जात नाही. महिन्याच्या एक तारखेला तेल सात बाटल्यांमध्ये अर्धा-अर्धा लिटर भरा. एक बाटली चार दिवस आणि वर थोडी पुरली पाहिजे. फोडणीला चहाचा चमचा वापरा, एक चमचा साडेचार ग्रॅम. पाच जणांच्या भाजीला चार चमचे पुरतात. वांगं, भेंडी कोरडी पडतात, तिथे झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा. झुणका तेल पितो, म्हणून बेसन आधी कोरडं भाजून घ्या आणि मग फोडणीच्या पाण्यात सोडा, अर्ध्या तेलात होतो.

कोणतं तेल? साडेतीन लिटरमध्ये दोन लिटर शेंगदाणा किंवा जास्त-ओलिक करडई, एक लिटर तुमचंच सोयाबीन आणि अर्धा लिटर तीळ. राईस ब्रान परवडत असेल तर शेंगदाण्याच्या जागी चालेल. दिल्लीच्या प्रयोगातलं ऑलिव्ह तेल घ्यायलाच हवं असं मी म्हणत नाही. त्यातलं ओलिक आम्ल आपल्या शेंगदाण्यात आणि जास्त-ओलिक करडईत मिळतं. नुसत्या महागड्या बाटलीने वजन उतरत नाही.

जवस तेलापेक्षा जवसाचे दाणे घ्या, हे मी सगळ्यांना सांगते. दाण्यात तंतू (फायबर) आणि लिग्नान नावाचे वनस्पतीतले उपयोगी घटक असतात, तेलात ते जवळजवळ येत नाहीत. इराणमध्ये २०१६ साली ५० फॅटी लिव्हर रुग्णांवर १२ आठवडे झालेल्या प्रयोगात आहार-व्यायामासोबत रोज ३० ग्रॅम दळलेला जवस देऊन फायदा दिसला, तोही दाणाच होता. अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो, म्हणून दळायलाच हवा. मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं, तडतड सुरू होऊन थांबत आली की उतरवा. भाजल्याने त्यातले सायनाइड देणारे घटकही कमी होतात, आणि दाण्याच्या आतलं ओमेगा-३ एवढ्या आचेला टिकतं. गार झाल्यावर लसूण, लाल मिरची, जिरं, मीठ घालून भरड वाटा. आठवड्यापुरतीच करा, फ्रिजमध्ये ठेवा. एका चहाच्या चमच्याने सुरुवात करून पंधरा दिवसांत दोन मोठ्या चमच्यांवर या, एकदम वाढवलं तर पोट फुगतं. पाणी भरपूर प्या. थायरॉइड किंवा साखरेची गोळी असेल तर ती चटणीच्या एक तास आधी घ्या, तंतूंमुळे गोळी कमी शोषली जाते.

मिस्टरांच्या आकड्यांवरून फिब-४ (लिव्हर किती घट्ट झालं याचा अंदाज) काढलं: वय ४६ गुणिले एसजीओटी ४४, भागिले (प्लेटलेट २३० हजार गुणिले एसजीपीटी ६८ चं वर्गमूळ). उत्तर १.०७ येतं. १.३ च्या खाली म्हणजे लिव्हरमध्ये घट्ट तंतू जमण्याची शक्यता सध्या कमी. ही चांगली बातमी आहे आणि हीच वेळ आहे. २९३ रुग्णांच्या क्युबातल्या २०१५ च्या अभ्यासात वजन उतरण्याचं प्रमाण जितकं मोठं, तितकी बायोप्सी सुधारलेली दिसली, आणि १० टक्के उतरलेल्यांपैकी बऱ्याच जणांमध्ये लिव्हरमधले घट्ट तंतूही कमी झाले. ८४ किलोचे ७ टक्के म्हणजे जवळपास ६ किलो, १० टक्के म्हणजे साडेआठ. सहा महिन्यांत सहा किलो ठेवा. आठवड्याला दीड किलोहून जास्त उतरवू नका, घाईने उतरवलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

ट्रायग्लिसराइड २३८ आणि एचबीए१सी ६.१ पाहून मला तेलापेक्षा साखरेची जास्त काळजी वाटते. फिनलंडच्या प्रयोगातला ३३ टक्क्यांचा आकडा इथे लागू होतो. चहात किती साखर पडते, दिवसाला किती कप, संत्रा बर्फी, थंड पेय, रसवंती? संत्र्याच्या दिवसांत रस नको, एक संत्रं सोलून खा. तर्री पोहे बंद करा असं मी म्हणणार नाही: पोहे आणि चणे घ्या, वरची लाल तर्री घेऊ नका, शेव मुठीऐवजी चिमूटभर.

सावजी महिन्यातून दोनदा. आदल्या दिवशी करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, मटणाची चरबी वर पांढरी घट्ट बसते, ती चमच्याने काढा. जवसाचं तेल थंडीतही पातळच राहतं, ते वरून पळीने अलगद काढा. चव मसाल्यात असते, ती खाली रश्श्यात राहते.

पूर्वा_मानेवाडा

खूप उपयोगी पडलं, डब्यांचा हिशेब आजच मांडते. दोन गोष्टी राहिल्या. सासूबाई दर रविवारी सगळ्यांना एरंडेल देतात, लिव्हर साफ होतं म्हणून. आणि ग्रुपवर कडुनिंबाचं तेल आणि कुठल्याशा सुगंधी अर्काचे थेंब पाण्यात घेण्याबद्दलही आलंय. हे चालेल का? आणि पुन्हा तपासणी कधी करायची?

प्रयोगवही

एरंडेल आतडं रिकामं करतं, लिव्हरवर त्याचा उपाय नाही. दर आठवड्याला घेतलं तर पाणी आणि पोटॅशियम कमी होतं. सासूबाईंना वाईट वाटणार नाही अशा रीतीने बंद करा, वयस्कर माणसांना तर नकोच.

कडुनिंबाचं आणि करंजाचं तेल पोटात अजिबात नाही. कडुनिंबाच्या तेलाने लहान मुलांना लिव्हर आणि मेंदूची गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. सुगंधी अर्कतेलं म्हणजे निलगिरी, लवंग, कापूर वगैरे, ही फोडणीच्या तेलासारखी नसतात. निलगिरीचं काही मिली तेल पोटात गेलं तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

'नैसर्गिक' गोळ्यांबद्दलही सावध राहा. हळदीच्या अर्काच्या मिरीयुक्त कॅप्सूल आणि ग्रीन टीचा दाट अर्क यांनी लिव्हरला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. भाजीतली हळद आणि साधा ग्रीन टी यात ती भीती नाही. काही सुरू असेल तर डॉक्टरांना नावासकट सांगा.

आहारकट्टा_धंतोली

तपासणीबद्दल. एसजीपीटी, ट्रायग्लिसराइड, एचबीए१सी तीन महिन्यांनी, त्याआधी करून काही कळत नाही. सोनोग्राफी सहा महिन्यांच्या आत पुन्हा करू नका: लिव्हरमध्ये चरबी २० टक्क्यांच्या खाली असेल तर सोनोग्राफीत बहुतेक वेळा दिसत नाही, आणि ग्रेड बघणाऱ्याच्या नजरेवरही अवलंबून असते. सोय असेल तर एकदा फायब्रोस्कॅन (लिव्हरचा घट्टपणा मोजणारी तपासणी) करून घ्या, किमान तीन तास उपाशी जाऊन, नाहीतर आकडा उगीच जास्त येतो. घट्टपणा ८ किलोपास्कलच्या खाली हवा. त्याच मशीनवर कॅप नावाचा चरबीचा आकडा मिळतो, तो लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच मशीनवर जा.

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, पोट किंवा पाय सुजले, किंवा एसजीपीटी तीन महिन्यांनी कमी होण्याऐवजी वाढलं, तर तेलाचा विचार बाजूला ठेवून पोटाच्या विकारांच्या डॉक्टरांकडे जा.

तेलतंत्र

तळणाबद्दल एक राहिलं. घरी तळलेलं तेल गाळून घ्या, दोन दिवसांत भाजी-आमटीत संपवा, पुन्हा तळायला घेऊ नका. जुन्या तेलात नवं ओतून कढई भरली की नवंही लवकर बिघडतं. तांब्या-पितळेची बिनकल्हईची कढई नको, तांबं तेलाचं ऑक्सिडेशन झपाट्याने वाढवतं. मीठ तळून झाल्यावर भुरभुरवा. तेल गडद झालं, चिकट वाटलं, फेस बसेना किंवा पूर्वीपेक्षा लवकर धुरावलं, तर ते संपलं. हॉटेलांसाठी १ जुलै २०१८ पासून वापरलेल्या तेलात ध्रुवीय घटकांची (तेल बिघडताना तयार होणाऱ्या पदार्थांची) मर्यादा २५ टक्के आहे. टपरीवर ती मोजायचं यंत्र कोणाकडे नसतं, तेव्हा कढईतल्या तेलाचा रंग बघूनच समोसा घ्यायचा की नाही ते ठरवा.